कपाटाची मापं कळवा

ती. आई-बाबांस,
सा. न.

परवा बाबांनी "आता सांगून काय उपयोग" म्हणत फोन ठेवला, तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय. त्रिकोण जोडून केलेलं हे घुमटाचं घर बांधायला घेताना तुम्हाला विचारलं नाही, हे खरंच. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात आणि मी ऐकलं असतं. म्हणून सांगाडा उभा राहिल्यावरच सांगितलं.

आई, "टोपलीखाली राहणार का" हे तू हसत म्हणालीस, तरी लागलं गं. आत ८ मीटर व्यास आहे, म्हणजे ५० चौरस मीटर जमीन. तेवढीच जमीन आणि तेवढीच हवा चौकोनी घरात धरली, तर भिंती-छपराचं क्षेत्रफळ १२६ चौरस मीटरच्या आसपास जातं, घुमटाचं १००. ऊन-थंडी आत यायला वाटच कमी, शिवाय रोधक थर जाड घातलाय. सांगाड्याचे दांडे ६५, तेही दोनच लांबीचे. (यात वाचलेले पैसे बरेचसे तिरक्या खिडक्यांनी खाल्ले. बाबांनी ओळखलं असेलच.)

बाबा, डुगडुगत्या मांडणीला तिरपी पट्टी ठोकताना तुम्हीच म्हणाला होतात, चौकोन लचकतो, त्रिकोण नाही. मी खिळे ओंजळीत धरून उभी होते, एकही सांडला नव्हता. हे घर म्हणजे तीच पट्टी, ४० त्रिकोणांत.

तुम्ही पाठवलेला जळत्या घुमटाचा फोटो कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा, १९७६चा. जळलं ते अॅक्रिलिकचं, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचं आवरण. पोलादी सांगाडा आजही उभा आहे. आपल्या घराला अॅक्रिलिक नाहीच. आणि ज्यांनी १९५४ साली अशा त्रिकोणी जोडणीच्या घुमटाचं पेटंट घेतलं ते अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर स्वतः बायकोसह अमेरिकेतल्या कार्बनडेल गावी अशाच घरात राहिले, दहाएक वर्षं.

पहिल्या पावसात दोन सांधे ठिबकले, लपवत नाही. फटी बुजवायच्या नुसत्या सीलंटवर विसंबलो होतो. लाकूड फुगतं-आकसतं, सांधा उकलतो. आता वरून खवल्यांसारखी एकावर एक चढणारी शिंगल्स (छपराचे चपटे तुकडे) आहेत, गळत नाही. आवाज मात्र घुमतो. या टोकाची कुजबुज त्या टोकाला स्पष्ट ऐकू येते, त्यामुळे बाबांच्या घोरण्यासाठी जाड पडदे शिवून घेतलेत.

तुमची खोली तळालाच आहे. उंबरा नाही, पायरी नाही, न्हाणीघरात दोन्ही हातांना दांडी. आई, तुझ्या गुडघ्याला बघूनच आराखडा बदलला. कायमचं या असं म्हणत नाही. आधी महिनाभर राहून बघा.

गोळ्यांचा डबा हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. बाबांनी काहीही उचलायचं नाही, आणि "हलकंच आहे" हे ऐकून घेतलं जाणार नाही.

आजीचं कपाट गोल भिंतीला टेकणार नाही म्हणून तू रडलीस, असं दादा म्हणाला. मधली आडभिंत सरळ आहे गं. उंची, रुंदी आणि खोली, तिन्ही मापं बाबांकडून घेऊन कळव. दार उघडल्यावर किती जागा लागते तेही.

तुमची,
धाकटी