आधी वेलची, मग कॅन्सर, मग हिरोची सिगरेट

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

थिएटरात पिक्चर सुरू व्हायच्या आधी तंबाखूविरोधी जाहिराती लागतात त्याबद्दल थोडं लिहायचंय. 2 ऑक्टोबर 2012 पासून नियमच आहे, ज्या पिक्चरमध्ये सिगरेट-तंबाखू दिसते त्याच्या सुरुवातीला आणि मध्यंतराच्या वेळी या जाहिराती दाखवायच्या आणि पडद्यावर कोणी सिगरेट ओढत असेल तोवर खाली इशाऱ्याची पट्टी ठेवायची. सप्टेंबर 2023 पासून ओटीटीलाही तसंच लागू केलं. नियमाला माझा काहीच विरोध नाही, उलट चांगलाच आहे. पण त्याच शोमध्ये, त्याच पडद्यावर दोन मिनिटं आधी काय लागतं ते पण बघा ना. सूट घातलेला मोठा हिरो गाडीतून उतरतो, वेलचीचा एक दाणा तोंडात टाकतो, केशर उधळतं, मागे म्युझिक. वेलची विकायला एवढे कोट्यवधी रुपये कोण घालवतं हो, आमच्या इथला किराणावाला तर सुट्टी वेलची कागदात बांधून देतो. हॉलमधल्या दहा वर्षाच्या पोरालाही माहितीय की पाकिटावरचं नाव खरं तर गुटखा-पान मसाल्याचं आहे ते. मग लगेच ऑपरेशन झालेला जबडा. मग पिक्चर, आणि त्यात हिरोची एन्ट्री स्लो मोशनमध्ये, धूर सोडत, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात इशारा.

मी ज्युनियर कॉलेजात शिकवतो. पोरांना सहज विचारलं की अरे त्या जाहिराती बघून काही वाटतं का तुम्हाला, तर एक जण म्हणाला, "सर ती तर पॉपकॉर्न आणायची वेळ असते." दुसऱ्याने तंबाखूविरोधी जाहिरातीतल्या मुकेशची नक्कल करून दाखवली आणि अख्खा वर्ग हसला. मुकेशची जाहिरात थिएटरातून जाऊन वर्षं झाली पण रील्स आणि मीम्समध्ये ती अजून चालते. तो आमच्याच भुसावळचा पोरगा होता हे त्यांना माहितीच नव्हतं, 2009 मध्ये 24 व्या वर्षी तोंडाच्या कॅन्सरने गेला. हे सांगितल्यावर मात्र वर्ग गप्प झाला. म्हणजे पोरं काही निर्दयी नाहीत, त्यांना फक्त एवढं कळलंय की ही कॅन्सरची जाहिरात सरकारला दाखवावी लागते म्हणून दाखवतात आणि ती दुसरी कोणीतरी खिशातले पैसे मोजून दाखवतं, त्यामुळे खरी कुठली ते त्यांनी त्यांच्या परीने ठरवून टाकलंय.

आता अक्षय कुमारचंच बघा. सिगरेटचे पैसे वाचवून बायकोसाठी सॅनिटरी पॅड घे असं सांगणारी त्याची ती सायकलवाली जाहिरात कित्येक वर्षं थिएटरात लागत होती, नंदू नंदू करून पोरांना पाठ झाली होती. आणि एप्रिल 2022 मध्ये तोच माणूस वेलचीच्या जाहिरातीत. लोकांनी धुतल्यावर त्याने माफी मागितली आणि बाजूला झाला, पण कराराची मुदत आहे तोवर जाहिरात चालू राहू शकते असंही त्याच माफीत होतं. अमिताभ बच्चन यांनीही 2021 मध्ये पान मसाल्याच्या ब्रँडचं काम सोडलं, पैसे परत केले. तेव्हा त्यांना आठवण करून द्यावी लागली की तुम्ही पल्स पोलिओचा चेहरा आहात. आणि पोलिओचं काम बघा कसं झालं, टीव्हीवर दोन थेंब, शाळेच्या भिंतीवर दोन थेंब, आशाताई दारात येतात त्याही दोन थेंबच म्हणतात, पोलिओ किती मस्त असतो हे सांगणारी उलटी जाहिरात कुठेच नव्हती. 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तंबाखूच्या बाबतीत मात्र एकाच ब्रेकमध्ये दोन्ही बाजू.

त्यात आपल्या महाराष्ट्रात तर आणखी गंमत. इथे 2012 पासून गुटखा आणि पान मसाल्यावर बंदी आहे. जो माल राज्यात विकायलाच बंदी त्याच नावाचं होर्डिंग आमच्या बसस्टँडसमोर दोन मजली उंच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी बोलत नाही. सिगरेटच्या पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राला दिलाय, 2018 पासून त्यावर सोडायला मदत करणारा टोल फ्री नंबरही छापतात, 1800-11-2356. चांगली गोष्ट आहे. पण सोळा-सतरा वर्षाचं पोरगं पाकीट घेतं का? ते सुट्टी एक घेतं, मित्राबरोबर अर्धी अर्धी. टपरीवाला काउंटरखालच्या पाकिटातून एक काढून देतो, लायटर दोरीला बांधलेला असतोच. चित्र टपरीवाल्याकडे, नंबर टपरीवाल्याकडे, सिगरेट पोराकडे. सुट्टी सिगरेट विकायला राज्यात सप्टेंबर 2020 मध्ये बंदी घातलीय म्हणे, आमच्या कॉलेजच्या रोडवर तरी ती बातमी अजून पोचलेली नाही. शाळेच्या गेटवर बोर्ड आहे, 100 यार्डांच्या आत तंबाखू विकणं गुन्हा आहे, आणि टपरी त्या बोर्डाच्या सावलीत नसली तरी तिथून बोर्ड वाचता येतो एवढी जवळ आहे. अठरा वर्षांखालच्याला विकायचं नाही हा पण कायदाच, वय विचारताना मी कधी कोणाला पाहिलं नाही.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमिंगचं पण हेच होतं. कित्येक आयपीएल सीझन क्रिकेटर सांगत होते टीम बनवा टीम बनवा, आणि शेवटी दोन सेकंदात कोणीतरी धापा टाकत बोलायचं की यात आर्थिक जोखीम आहे, व्यसन लागू शकतं. कंपनीचं नाव तर टीम इंडियाच्या जर्सीवरच होतं. ऑगस्ट 2025 मध्ये अशा गेमिंगवर बंदीचा कायदा आला तेव्हा कुठे ते थांबलं, म्हणजे ठरवलं तर थांबवता येतं. वेलचीचं का नाही थांबत मग? मार्च 2025 मध्ये आरोग्य खात्याने आयपीएलला पत्र लिहून अशा आडून केलेल्या जाहिराती बंद करा म्हटलं होतं. पत्रच लिहायचं असेल तर मीही लिहितोच आहे की.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या ब्रँडच्या नावाने तंबाखू नाहीतर पान मसाला विकला जातो त्या नावाने वेलची, केशर, पाणी, काहीच जाहिरात नको, निदान थिएटरात त्या शोला तरी नको. आणि सरकारी जाहिरातीत जबडे दाखवा हवं तर, पण सोबत तो नंबर मोठ्या अक्षरात दाखवा, आणि मित्राने पहिली सिगरेट पुढे केली तर काय बोलून टाळायचं हे पोरांच्या भाषेत दाखवा. साठीच्या पेशंटचा खोकला ऐकून सतरा वर्षाचं पोरगं घाबरत नाही, त्याला ते आजोबांचं दुखणं वाटतं.

जाता जाता एक. दरवर्षी 31 मे ला तंबाखूविरोधी दिनाचा लेख तुम्ही छापता, चांगला असतो, मी वर्गात वाचून दाखवतो. पण त्याच आठवड्यात तुमच्याच पेपरात पानभर वेलची कोणाची होती ते जुने अंक काढून एकदा बघा. जागेअभावी पत्र छोटं करावं लागलं तर वरचं काहीही कापा, एवढ्या ओळी ठेवा ही विनंती.

आपला नेहमीचा वाचक,
एक शिक्षक, जि. जळगाव