पार्किंगमधल्या त्या काका-काकूंना

शनिवारी मिशिगनच्या किविनॉमध्ये ट्रेलच्या पार्किंगमध्ये भेटलेल्या काका-काकूंचे मनापासून आभार! माझ्या स्नोमोबाईलचं (बर्फावर चालणाऱ्या गाडीचं) मागचं सस्पेन्शन बदलल्यापासून थ्रॉटल दाबला की खडखडाट व्हायचा, ट्रॅक (गाडी पुढे ढकलणारा रबरी पट्टा) त्याला फिरवणाऱ्या चाकाचे दात सोडून घसरायचा. मी आपला तो घट्टच करत सुटलो होतो. काकूंनी बर्फात आडवं होऊन टॉर्च मारला: सस्पेन्शनच्या पुढच्या आर्मचा (दांड्याचा) बोल्ट चुकीच्या भोकात! म्हणून सस्पेन्शन दबलं की ट्रॅक सैल पडत होता. बोल्ट हलवला, मागचं टोक उचललं, ट्रॅकच्या मधोमध वजन टांगून झोळ मोजला, मग ताण ठरवणारे मागचे दोन्ही स्क्रू सारखे फिरवले. जास्त ताणामुळे झिजलेले स्लायडरही (ट्रॅक ज्यांच्यावरून सरकतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या) त्यांनीच दाखवले. उणे 15 सेल्सियसमध्ये काकूंनी हातमोजे काढून काम केलं, बोटं लालबुंद झाली होती. नावं विचारायची राहूनच गेली. काका, तुमचा 13 नंबरचा पाना माझ्याकडे आहे, जपून ठेवलाय.