काळं पाकीट आधी उघडू नका

आई-बाबा,

पार्सल आलं की बाबा आधी कात्री शोधणार आणि आई "थांबा हो, नीट उघडा" म्हणणार, हे मला इथून दिसतंय, म्हणूनच हे पत्र सगळ्यात वर ठेवलंय. आत जे काळं पाकीट आहे, केमिकल लावलेल्या कागदांचं, ते उजेडात उघडू नका. खिडकीजवळ नाही, गच्चीत तर अजिबातच नाही. रात्री, पडदे ओढून, एखादा मंद पिवळा बल्ब लावून उघडा. मागच्या महिन्यात मी स्वतः भर दुपारी "एकच मिनिट बघते" म्हणून पाकीट उघडलं आणि मग त्यातच फोन आला, बोलत बसले, रात्री जागून तयार केलेले नऊच्या नऊ कागद गेले. पाण्यात टाकल्यावर नुसते निळे, कशावर काही नाही.

तर मला एक नाद लागलाय. फोनवर दोनदा सांगून बघितलं, पण आईने विषय माझ्या झोपेवर नेला आणि बाबांनी "काय टाइप?" विचारून फोन आईकडे दिला. सायनोटाइप. उन्हाने छापायचं चित्र. कॅमेरा नको, डार्करूम नको. कागदाला दोन केमिकल्सचं पाणी ब्रशने लावायचं, अंधारात वाळवायचं, वर पान नाहीतर पीस नाहीतर काहीही ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. जिथे ऊन लागलं तिथे गडद निळं, जिथे पान होतं तिथे पांढरं. बास.

आई, पाकिटावर मी केमिकल्सची नावं लिहिलीयेत, त्यातलं पोटॅशियम फेरीसायनाइड वाचून घाबरू नकोस. "सायनो" म्हणजे ग्रीकमध्ये मुळात निळा, विष नव्हे. या केमिकलमध्ये तो सायनाइड लोखंडाला इतका घट्ट धरून बसलेला असतो की सहजासहजी सुटत नाही. फक्त त्यात तीव्र ॲसिड घालायचं नाही आणि ते तापवायचं नाही, आणि तू दोन्ही करणार नाहीस. धुताना हातमोजे घाल, मी दोन जोड्या टाकल्यात, आणि ट्रे म्हणून स्वयंपाकाचं भांडं घेऊ नका. (मी घेतलं होतं. ते आता कायमचं याच कामाला.)

बाबा, तुमचा प्रश्न "पण चालतं कसं?" हा असणार. दुसरं केमिकल फेरिक अमोनियम सायट्रेट. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यातलं लोखंड बदलतं, म्हणजे फेरिकचं फेरस होतं, आणि ते फेरीसायनाइडला भेटलं की प्रशियन ब्लू नावाचा गडद निळा रंग तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून कागदात बसून राहतो, आणि जिथे ऊन पोचलं नाही तिथलं पिवळं पाणी धुऊन जातं. मी सायट्रेट 100 मिलि पाण्यात 25 ग्रॅम घेते, फेरीसायनाइड 100 मिलिला 10 ग्रॅम, दोन्ही बाटल्या वेगळ्या ठेवते आणि लागेल तेवढंच सारख्या मापाने एकत्र करते. हे 1842 साली जॉन हर्शेलने शोधलं, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा मुलगा.

आणि आता तुम्ही खुर्चीत सरसावून बसाल. ब्लूप्रिंट म्हणतात ना, तो हाच. पारदर्शक कागदावर काढलेलं ट्रेसिंग वर ठेवायचं, ऊन द्यायचं, शाईच्या रेषा उजेड अडवणार, म्हणून निळ्यावर पांढऱ्या रेषा. तुमच्या वेळेपर्यंत अमोनिया प्रिंट आलेले होते, त्यात उलटं, पांढरट कागदावर निळ्या रेषा. तुम्ही ऑफिसातून यायचात तेव्हा शर्टाला तो अमोनियाचा वास असायचा आणि मला लहानपणी वाटायचं की ड्राफ्ट्समन लोकांचा वासच तसा असतो. ही तुमच्या त्या प्रिंटची आजी आहे, आणि हिला वास नाही.

खरं तर मला हेच बोलायचंय. गेल्या वेळी आले होते तेव्हा तुमचा पेनांचा डबा कपाटावर गेलेला दिसला. विचारलं तर म्हणालात, "हात थरथरतो, रेघ मारून काय करू." मी तेव्हा काही बोलले नाही कारण बोलण्यासारखं काही सुचलंच नाही, "असू दे, प्रॅक्टिस करा" हे ज्याने चाळीस वर्षं सरळ रेघ मारली त्याला कुठल्या तोंडाने सांगू. पण हा नाद लागल्यापासून सारखं तेच डोक्यात येतंय की यात रेघ मारावीच लागत नाही. रेघ ऊन मारतं.

ॲना ॲटकिन्स म्हणून एक बाई होती, 1799 चा जन्म, वडील ब्रिटिश म्युझियममध्ये शास्त्रज्ञ. वडिलांनी शंखशिंपल्यांवरच्या पुस्तकाचं भाषांतर केलं तर चित्रं हिने काढली, दोनशेच्या वर, म्हणजे हात किती तयार असेल बघा. पण समुद्रातल्या शेवाळाची वेळ आली तेव्हा तिने सरळ लिहून टाकलं की एवढ्या बारीक गोष्टी अचूक काढणं अवघड, आणि ब्रश ठेवून दिला. हर्शेल घरच्या ओळखीतला होताच. ती शेवाळं कागदावर ठेवून उन्हात धरली आणि 1843 पासून दहा वर्षं भाग काढत राहिली. फोटोंनी सजवलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून तेच धरतात. त्यातला मजकूरसुद्धा तिने हाताने लिहून तसाच उन्हाने छापलाय, छापखान्याचे खिळे लावून नाही. तिचं अक्षर बघितलं तेव्हा मला तुमचं नकाशाच्या कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमधलं अक्षर आठवलं, अगदी खरं सांगते.

तर माळ्यावर ती ट्रेसिंगची गुंडाळी आहे ना, पत्र्याच्या नळीतली, ती काढा. आहे त्याच रेषा छापू. तुम्ही 25 वर्षांपूर्वी मारलेली रेघ अजून सरळच असेल.

आई, आता तू. ट्रंकेतले क्रोशाचे रुमाल "आता कोण वापरतं" म्हणून तू बांधून ठेवलेस. त्यातला तो गोल जाळीचा काढ. मी इथे तुझा एकच छोटा आणलेला होता, तो छापला आणि अर्धा तास बघत बसले, एकेक साखळी, एकेक खांब मोजता येतो, आणि एका ठिकाणी तू टाका चुकवून पुढे भरून काढलायस तेही दिसतं. (दिसतंच. उगाच नाही म्हणू नकोस.) सोबत ती प्रिंट ठेवलीये. गंमत म्हणजे बाजारात जे मशीनचं क्रोशा म्हणून दिसतं ते बहुतेक वेगळंच विणकाम असतं.

करायचं असं. रात्री एकच कागद काढायचा, पुठ्ठ्यावर ठेवायचा, वर रुमाल किंवा ट्रेसिंग, त्यावर काच, बाजूंना चिमटे. काळ्या कपड्यात गुंडाळून सकाळपर्यंत ठेवा. कडक उन्हात दहा मिनिटं पुष्कळ, ढग असले तर दुप्पट तिप्पट. घड्याळापेक्षा रंगाकडे बघा, हिरवट पिवळा कागद आधी निळसर होतो आणि मग राखाडी, जवळजवळ जुन्या पितळेसारखा, तेव्हा आत आणा. बिघडलं असं वाटेल, बिघडलेलं नसतं. पिवळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुवा आणि वाळत घाला, निळा दुसऱ्या दिवसापर्यंत गडद होत जातो.

आई, साबण लावायचा नाही हं, सोडा तर नाहीच. मी एक सुती पिशवी छापली होती, इतकी सुंदर, आणि सवयीने डिटर्जंटमध्ये टाकली. निळ्याचा पिवळा झाला. तसंच भिंतीवर लावली आणि ऊन लागून फिकी पडली तर टाकून देऊ नका, थोडे दिवस अंधारात कपाटात ठेवली की रंग परत भरतो. मला हे सगळ्यात आवडलं या प्रकारातलं, का ते विचारू नका.

नऊवारीएवढं लांब लिहून झालं. पाकिटात चौदा कागद आहेत, त्यातले चार वाया जाणार हे मी धरलेलंच आहे, तेव्हा पहिला बिघडला म्हणून बाबांनी आईकडे बघायचं नाही आणि आईने बाबांकडे. दोन आठवड्यांत संपवा, दमट हवेत ते आपले आपणच निळे पडायला लागतात. मोबाईलवर फोटो नकोत, कागदच पाठवा. आणि प्रत्येकाखाली कोपऱ्यात तारीख आणि कुणी छापलं ते लिहा, बाबांनी, पेनाचा डबा खाली काढून.

तुमची,
मी