कायमच्या दाढेची दुधाची दाढ म्हणून नोंद केल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : सोलापूर शाखेत माझ्या मुलीच्या कायमच्या दाढेची झालेली चुकीची नोंद व त्यावरून नाकारलेला परतावा.

महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दवाखान्यांच्या वार्षिक कुटुंब योजनेचे ६,५०० रुपये भरून आम्ही गेल्या जूनमध्ये सभासद झालो. माझी मुलगी साडेसात वर्षांची आहे. तिच्या खालच्या उजव्या दाढेवर पिवळट-तपकिरी डाग होते, कडेचा टवका उडाला होता आणि माठातले पाणी लागले तरी ती गाल धरून बसायची. सोलापूर शाखेत ऑगस्टमध्ये त्या दाढेत सिमेंट भरले, ते दिवाळीत निघाले. नोव्हेंबरमध्ये पुन्हा भरलेले जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात निघाले. दोन्ही वेळा इंजेक्शन देऊनही दाढ बधिर झाली नाही, ती खुर्चीत रडली, आणि आम्हाला सांगण्यात आले की मुलगी घाबरट आहे. तेव्हापासून ती कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डाव्या बाजूनेच चावत होती.

जानेवारीत तिसऱ्यांदा गेलो तेव्हा शाखेतील डॉक्टरांनी एक्स-रे न काढता ‘दुधाचीच दाढ आहे, आज ना उद्या पडणारच, काढून टाकू’ असे सांगून पुढच्या सोमवारची वेळ दिली.

मी एका गणवेशाच्या कारखान्यात हिशेब पाहते, त्यामुळे मोजल्याशिवाय माझे समाधान होत नाही. त्या रात्री मोबाइलच्या उजेडात मी तिचे दात मधल्या रेषेपासून मागे मोजले. दुखरी दाढ सहावी निघाली. दुधाचे दात जबड्याच्या प्रत्येक बाजूला पाचच असतात, म्हणजे सहाव्या जागेवरची दाढ दुधाची असूच शकत नाही. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे येते, तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून आईवडिलांची गफलत होते. दंतवैद्याची व्हावी हे मला पटत नाही.

सोमवारी आम्ही आपल्या शाखेऐवजी लहान मुलांच्या दंततज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी एक्स-रे काढला आणि मग सांगितले की ही पहिली कायमची दाढ असून तिचे एनॅमल, म्हणजे दाताचे वरचे कठीण आवरण, मुळातच कच्चे तयार झालेले आहे. या दोषाला मोलार-इन्सायझर हायपोमिनरलायझेशन म्हणतात. या दाढेचे एनॅमल जन्माच्या सुमारास तयार होऊ लागते आणि तिसऱ्या वर्षाच्या आसपास पूर्ण होते. त्या काळात काही बिघडले की दाढ उगवतानाच ठिसूळ असते. अशा एनॅमलला सिमेंट नीट धरत नाही आणि सतत ठणकणारी दाढ इंजेक्शनने सहज बधिरही होत नाही. माझी मुलगी घाबरट नव्हती, तिला खरोखर दुखत होते.

मुळांची टोके अजून उघडी होती. ती नवव्या-दहाव्या वर्षापर्यंत मिटतात, आणि दाढेतला जीव टिकला तरच मुळे पूर्ण वाढतात. म्हणून त्यांनी नसेचा फक्त वरचा खराब भाग काढून त्यावर एमटीए हे औषधी सिमेंट भरले आणि वर स्टीलची कॅप बसवली, जी ती मोठी झाल्यावर बदलता येईल. अशी दाढ फारच खराब असेल तर काढतातही, हे मला मान्य आहे. पण तो निर्णय साधारण आठ ते दहा या वयात, मागची दाढ त्या जागी सरकेल का हे एक्स-रेवर पाहून घ्यायचा असतो. दुधाची समजून नव्हे.

या उपचाराला ७,५०० रुपये लागले. शाखेत बालदंततज्ज्ञ नसल्यास बाहेर केलेल्या कायमच्या दातांच्या उपचाराचा खर्च परत मिळेल, असे आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेले आहे. तरीही माझा अर्ज ‘नोंदीनुसार दात क्रमांक ८५, दुधाचे दात योजनेत नाहीत’ या एका ओळीवर नाकारला गेला. दंतवैद्यांच्या क्रमांकपद्धतीत ८५ म्हणजे खालची उजवी दुसरी दुधाची दाढ. सोबतच्या एक्स-रेमध्ये ती कुठेही न किडता आपल्या जागी उभी दिसते, आणि तिच्या मागे उपचार झालेली ४६ क्रमांकाची, म्हणजे पहिली कायमची दाढ आहे. हे शाखेत दोनदा दाखवूनही ‘सिस्टीममध्ये बदल होत नाही’ एवढेच उत्तर मिळाले.

तेव्हा आपण नोंद ८५ ऐवजी ४६ अशी दुरुस्त करून तिची प्रत मला द्यावी, ७,५०० रुपये आणि दोनदा निघालेल्या सिमेंटचे घेतलेले १,८०० रुपये परत करावेत, व एक्स-रेशिवाय दाढ काढण्याची वेळ कशी दिली याचा लेखी खुलासा करावा. त्याच शाखेत सहा ते नऊ वर्षांच्या ज्या मुलांच्या दाढा दुधाच्या म्हणून काढल्या गेल्या, त्यांच्या नोंदीही तपासाव्यात. ही मागणी मला पैशांहून महत्त्वाची वाटते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत एक्स-रे, तज्ज्ञांचा अहवाल, सर्व पावत्या आणि आपल्या नकाराच्या ईमेलची प्रत जोडली आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक सभासद पालक, सोलापूर