घामाचं पाणी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशिराचं कारण कामाचा व्याप असं लिहिणार होतो, पण खरं कारण तो आलेख आहे. तोच, सरकारच्या कामाचा, जो मी आपल्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर तू म्हणालास की असा आलेख काढणारा आणि पुढे ढकलणारा, दोघांनाही नापास करायला हवं. आणि मी सगळ्यांदेखत तुला सुनावलं, 'तुमच्या बाजूला आकडे नेहमीच टोचतात.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी घेऊन बसलो. मोबाइलच्या काचेवर पट्टी टेकवून खांब मोजत होतो, तेवढ्यात ही खोलीत आली आणि म्हणाली, 'कपडा बेततोयस का?' डावा खांब दीड सेंटिमीटर, उजवा साडेचार. म्हणजे मागच्या सरकारपेक्षा आताच्या सरकारचं काम तिप्पट. खांबांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत छापलेले आकडे बघितले, तर फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. उभा अक्ष शून्यापासून सुरूच होत नव्हता. बुंधे कापून नुसते शेंडे शेजारी शेजारी उभे केलेले. तू आदल्या रात्री अगदी हेच सांगत होतास, आणि मला ते तेव्हा ऐकूच आलं नव्हतं.

मग मी काय केलं? गुपचूप मेसेज काढून टाकला. तिथे आता 'हा मेसेज हटवला आहे' एवढी ओळ उरली आहे, आणि तिच्याखाली तुला मारलेला माझा टोमणा मात्र शाबूत आहे.

चूक झाली याचं एवढं वाटत नाही. जन्मभर आकड्यांत घालवलेल्या माणसाला कापलेला अक्ष दिसला नाही, हे मात्र लागलं. तुमच्या बाजूने तोच आलेख टाकला असता तर मी पहिली नजर अक्षावरच टाकली असती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

तो मलमाचा प्रयोग मी तुला किती वेळा ऐकवला असेल! येल विद्यापीठातले डॅन कहान आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली हजारावर अमेरिकन लोकांचे गट पाडून काहींसमोर एक तक्ता ठेवला. मलम लावलेल्यांपैकी २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. २२३ हा आकडा डोळ्यांत भरतो आणि मलम गुणकारी वाटतं. भागाकार केला की चित्र उलटं: लावणाऱ्यांत एकाचं बिघडलं तर तिघांचं सुधारलं, न लावणाऱ्यांत एकामागे पाचांचं. इतरांना हेच आकडे, फक्त वरचं नाव बदलून, बंदुकांवरची बंदी आणि गुन्ह्यांचं प्रमाण म्हणून दाखवले. गणितात तरबेज मंडळींनी मलमाच्या वेळी बऱ्यापैकी नीट भागाकार केला. बंदुकांच्या वेळी मात्र पहिल्या नजरेतलं उत्तर आपल्या पक्षाच्या सोयीचं असलं की ती तिथेच थांबली, आणि गैरसोयीचं असलं तरच कागद-पेन्सिल काढली. हुशारी जितकी जास्त, तितकी ही तफावत मोठी.

ही गोष्ट मी आजवर कुणाकुणाच्या तोंडावर फेकली आहे! पण तिचा पुढचा भाग तुला कधी सांगितला नाही. २०२१ साली हाच प्रयोग, आराखडा आधी जाहीर करून, मोठ्या प्रमाणावर पुन्हा करण्यात आला आणि 'हुशार माणूस जास्त वाहवतो' हा भाग त्यात काही दिसला नाही. हे वाचल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? 'यांनीच काहीतरी घोळ घातला असणार.' मग मी त्या नव्या निबंधात खोट शोधत तासभर बसलो. मूळ प्रयोगाची झडती मी पाच मिनिटंही घेतली नव्हती, कारण तो माझ्या आवडीचं बोलत होता. म्हणजे कहान यांचा निष्कर्ष पुरता टिको न टिको, त्याच्या बाजूने एक साक्षीदार घरातच सापडला!

आता तुझ्या पत्राकडे वळतो. तू लिहितोस की वैज्ञानिक माणसं वेगळ्या मातीची असतात, पुरावा समोर आला की मत बदलतात, आणि राजकारणी तेवढे निगरगट्ट. मला हे पटत नाही. माती एकच आहे. तुला पॉलीवॉटरची हकिगत माहीत आहे का? नसली तर सांगतो, मजेची आहे.

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत रशियात कोस्त्रोमा इथल्या फेद्याकिन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला केसासारख्या बारीक काचनळ्यांत वाफ साठवताना एक चमत्कारिक द्रव मिळाला. दिसायला पाणीच, पण जास्त घट्ट, गोठायला शून्याच्या बऱ्याच खाली जाणारा आणि शंभर अंशांपलीकडे तापवला तरी न उकळणारा. मॉस्कोत बोरिस देर्यागिन यांनी हे काम हाती घेतलं. ते काही लुंगेसुंगे नव्हते, आपल्या विषयातले दिग्गज होते. मग पाश्चात्त्यांनाही जाग आली. १९६९ साली एका अमेरिकन गटाने त्या द्रवाच्या अवरक्त वर्णपटाचा, म्हणजे तो कोणते अवरक्त किरण शोषतो याच्या नोंदीचा, अभ्यास करून हा पाण्याचाच नवा प्रकार आहे असं सांगितलं आणि 'पॉलीवॉटर' हे नाव रूढ झालं. शीतयुद्धाचे दिवस. रशियन आपल्या पुढे गेले म्हणून अमेरिकेत हाकाटी, संशोधनाला सरकारी पैसा, निबंधांचा पाऊस. हा पदार्थ प्रयोगशाळेतून निसटला तर जगातलं सगळं पाणी तसंच होऊन बसेल, असा इशाराही 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. आणि एवढा गदारोळ कशावर? पदार्थ इतका थोडा मिळायचा की त्याने एक चमचाही भरला नसता.

अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतले डेनिस रूसो यांना संशय आला. हँडबॉल खेळून आल्यावर त्यांनी आपला घामाने भिजलेला टीशर्ट पिळला आणि त्या घामाचा वर्णपट काढला. पॉलीवॉटरच्या वर्णपटाशी तो जवळजवळ तंतोतंत जुळला. जगाला वेठीला धरणारा तो पदार्थ म्हणजे अशुद्ध द्रव्यं मिसळलेलं साधं पाणी निघालं.

आता बघ, या नाटकात माणसाचे सगळे गुण हजर आहेत. घाई, हाव, देशाभिमान, दुसरा म्हणतो म्हणून आपणही म्हणायची ओढ. राजकारणात असतं तेच सगळं. तरी दहा-बारा वर्षांत प्रकरण मिटलं. १९७३ साली देर्यागिन यांनी स्वतःच लिहून टाकलं की हे गुण अशुद्धीमुळे आले होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, दहा वर्षांचं काम पाण्यात, अगदी शब्दशः! त्यानंतरही ते शेवटपर्यंत मानाने काम करत राहिले.

मला खिळवून ठेवलं ते यापुढच्या गोष्टीने. याच देशात पंचवीस वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९४८मध्ये, कृषी अकादमीच्या अधिवेशनात लिसेंकोने, म्हणजे जनुकं न मानणाऱ्या आणि गहू थंडीत ठेवून त्याचे आनुवंशिक गुण बदलता येतात असं सांगणाऱ्या कृषितज्ज्ञाने, जाहीर केलं होतं की आपल्या भाषणाला पक्षाच्या केंद्रीय समितीची मंजुरी आहे. झालं, आनुवंशशास्त्र बंद. प्रयोगशाळांना टाळं, माणसं कामावरून दूर. जगभरातून बियाणं गोळा करणारे वाविलोव त्याआधीच, १९४३ साली, सारातोवच्या तुरुंगात उपासमारीने गेले होते. लिसेंकोची सद्दी १९६४मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव पायउतार होईपर्यंत टिकली. तोच देश, तीच अकादम्यांची व्यवस्था. मग पाण्याची चूक दहा वर्षांत का सुधारली, आणि गव्हाची तीस वर्षं का नाही?

मला वाटतं, पाण्यावर कुणाची खुर्ची उभी नव्हती. गव्हावर होती. पाण्याबद्दल 'चुकलो' म्हणायला देर्यागिन यांना थोडी लाज मोजावी लागली. गव्हाबद्दल तेच म्हणणाऱ्याला नोकरी, कधी जीवही.

आणि इथे आपण दोघे येतो. गेल्या महिन्यात त्या मंत्र्याने निर्णय मागे घेतला, आठवतंय? निर्णय वाईट होता, मागे घ्यावा म्हणून मीच घसा फोडून ओरडत होतो. घेतल्यावर मी पहिलं काय लिहिलं? 'पळपुटे.' त्याखाली हसणारे चेहरे मोजत बसलो. तू 'कोलांटउडी' म्हणालास. वाहिन्यांनी जुनी भाषणं आणि नवं निवेदन शेजारी शेजारी लावून दिवसभर दळण दळलं. उद्या दुसऱ्या कुणा मंत्र्याच्या टेबलावर चुकीचा निर्णय पडलेला असेल तेव्हा तो तज्ज्ञांचा अहवाल वाचेलही, पण आधी त्याच्या डोळ्यांसमोर तो दिवस उभा राहील. हा दंड आपण ठरवला, आणि वसूलही आपणच करतो.

राजकारण्यांच्या हाती विज्ञान गेलं की वाटोळंच होतं, हे तुझं वाक्यही मी खोडून काढणार आहे. ओझोनचं बघ. अंटार्क्टिकावरच्या विरळ थराचा निबंध १९८५चा, आणि ओझोन खाणाऱ्या वायूंना आवर घालणारा मॉन्ट्रियलचा करार १९८७चा. दोनच वर्षं! तेही कारणमीमांसा पुरती हातात आलेली नसताना. हे जमलं कसं, याचं उत्तर मला करारातल्या एका साध्या सोयीत दिसतं. नवी माहिती आली की कलमं बदलायची, हे त्यांनी सुरुवातीलाच लिहून ठेवलं. १९९०मध्ये लंडनला आणि १९९२मध्ये कोपनहेगनला नियम आणखी कडक झाले, तेव्हा 'आधी वेगळं बोलला होतात' म्हणून कुणाला टाळ्या पिटता आल्या नाहीत. बदल हा ठरल्याप्रमाणे झाला होता. हवामान बदलाच्या बाबतीत ही युक्ती पुरेशी पडत नाही हे मला दिसतं. शीतकपाटातला वायू बदलणं वेगळं आणि अख्खी ऊर्जा बदलणं वेगळं. त्यावर पुढच्या पत्रात भांडू.

टीव्हीवरच्या चर्चांबद्दल तू विचारलं होतंस. मी बघणं सोडलं. तासाभरात आठ माणसांपैकी एकानेही 'हे मला माहीत नाही' म्हटलं नाही, तेव्हा उठलो.

तर आता त्या हटवलेल्या मेसेजबद्दल. तुझी माफी या पत्रात मागून मोकळं व्हावं, असं काल रात्री वाटत होतं. स्वस्तातली सोय होती ती. टोमणा सगळ्यांसमोर मारला होता, तर खुलासाही तिथेच जायला हवा. सकाळपासून मसुदे लिहितोय. पहिल्यात लिहिलं, 'आलेख चुकीचा होता, पण मुद्दा बरोबर होता.' दुसऱ्यात, 'माझी चूक झाली, पण तुमच्याकडूनही असे आलेख येतात.' तिसरा त्यातल्या त्यात बरा होता, तर शेवटच्या ओळीत 'तरीपण' शिरलाच. ही मागून वाचत होती. म्हणाली, पहिल्या स्वल्पविरामाशी थांब.

चौथा लिहायला घेतो.

तुझाच,
आलेखवाला