दुःखाला कारण होतं, तरी तो आजारच होता

आदरणीय सिस्टर,

सा. न. वि. वि.

तुमची बदली झाल्याचं मला नंतरच्या एका तपासणीला आल्यावर कळलं. नवा पत्ता मागायचा धीर तेव्हा झाला नाही, म्हणून हे पत्र असं उघडपणे लिहिते आहे. तुमच्यापर्यंत पोचलं तर उत्तमच. नाहीतर तुमच्याच कामातल्या कुणाच्या तरी वाचनात येईल, तेही चालेल. नावं मुद्दामच लिहीत नाही, तुमचंही आणि माझंही.

रोज इतक्या बायका तपासून तुम्हाला मी आठवेनच असं नाही. अठरा वर्षांची, पाचवा महिना, मान खाली. तुम्ही विचारायचात मला आणि उत्तर द्यायची आई. भूक लागते का? "लागते." झोप? "झोपूनच तर असते." वजन, ब्लडप्रेशर, पोटाचा घेर, सगळं कागदावर चढत होतं. आणि मग तुम्ही आईला जरा बाहेर बसायला सांगितलंत. प्रत्येक पेशंटशी थोडा वेळ एकटीशी बोलायचा तुमचा नियमच आहे म्हणालात, त्यामुळे आईला रागावायलाही जागा उरली नाही.

दार लावल्यावर पहिली गोष्ट तुम्ही कबूल केलीत ती अशी: इथे बोललेलं तुमच्या-माझ्यातच राहील, पण माझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर डॉक्टरांना सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मला सांगाल. त्या दिवसांत मला सगळेच "कुणाला सांगणार नाही" म्हणत होते आणि संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या घराला माहीत असायचं. काय सांगणार आणि काय नाही हे आधीच स्पष्ट बोलणाऱ्या तुम्ही पहिल्याच. मग विचारलंत, कुणी जबरदस्ती केली होती का, घरी कुणी हात उचलतं का. माझं उत्तर इथे लिहिणार नाही. पण हाच प्रश्न आईसमोर आला असता तर खरं उत्तर आलं नसतं, एवढं मात्र सांगते.

नंतर तो कागद. नैराश्याची शंका आहे का हे चाचपायच्या त्या कागदाचं नाव एडिंबरा प्रश्नावली, हे मला फार पुढे कळलं. 1987 साली ती बाळंतिणींसाठी तयार झाली आणि आता गरोदरपणातही वापरतात. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 30. हसू येतं का, पुढच्या गोष्टींची उत्सुकता वाटते का, कारण नसताना स्वतःला दोष देता का, असं सगळं. थकवा आणि भूक यांच्यावर त्यात भर नाही, कारण गरोदरपणात त्या तक्रारी कुणालाही असतात आणि आजार त्यांच्याच आड लपतो. माझाही तसाच लपला होता.

दहाव्या प्रश्नावर मी अडले. स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला होता का? मी एका उत्तरावर खूण केली, ती गिरवून खोडली आणि "कधीच नाही"वर केली. तुम्ही कागद ओढून घेतला नाहीत. पेनला टोपण लावलंत, खुर्ची जरा माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, "खोडलंस ते काय होतं?"

एवढंच. "असा विचार करायचा नसतो" नाही, "पोटातल्या जिवाचा तरी विचार कर" नाही. हे दुसरं वाक्य तर मी इतक्या तोंडून ऐकलं होतं, की मी नीट हसले नाही तरी बाळाचं काहीतरी वाईट करते आहे अशी माझी खात्रीच झाली होती. लोक हे प्रेमानं म्हणतात, मान्य. पण ज्या मुलीला सकाळी अंथरुणातून उठणं जमत नाही, तिला आनंदी राहायचा हुकूम देण्यात काय हशील? मी फारशी रडतही नव्हते. चिडायचे. कुणी हाक मारली तरी अंगावर जायचे. घरात सगळे म्हणायचे, केलं ते केलं, वर उद्धटपणा बघा. कमी वयात नैराश्य पुष्कळदा असं चिडचिडीच्या रूपात येतं हे तुम्ही सांगितलंत, तेव्हा मला माझं वागणं पहिल्यांदा कळलं.

पण सिस्टर, हे पत्र लिहायचं खरं कारण वेगळं आहे. मी तुम्हाला म्हटलं होतं, "मला आजार-बिजार काही नाही. माझ्यावर जे आलंय त्यात कुणीही असंच होईल." मला ते मनापासून पटलं होतं आणि आजूबाजूच्यांनाही. मुलगा निघून गेलेला, शिक्षण थांबलेलं, मैत्रिणी बोलायच्या बंद झालेल्या, वडील समोरून गेले तरी बघायचे नाहीत. अशी मुलगी दुःखी नसेल तरच नवल. तुम्ही म्हणालात, "पाय कशामुळे मोडला ते कळलं म्हणून प्लास्टर घालायचं नाही का?"

लहान वयात गरोदर राहिलेल्या मुलींचं नैराश्य इथेच निसटतं असं मला आता वाटतं. कारण समोर इतकं ढळढळीत असतं, की त्यापलीकडे कुणी बघतच नाही. कुणी दया करतं, कुणी म्हणतं भोग आता. दोघांच्याही हिशेबात उपचार नसतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगभरात सुमारे 10 टक्के गरोदर आणि 13 टक्के नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना मानसिक आजार होतो, त्यातही मुख्यतः नैराश्य. किशोरवयीन मुलींमध्ये हे प्रमाण आणखी जास्त आढळतं. म्हणजे तुमच्या बाकावर त्या दिवशी मी एकटी नसणार.

पुढचं सगळं तुम्ही शब्द दिल्याप्रमाणे केलंत. डॉक्टरांना काय सांगणार ते आधी मला वाचून दाखवलंत आणि सांगितलंत माझ्यासमोर. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही, म्हणून डॉक्टर माझ्याशी निवांत बोलल्या. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन असं राहिलं तर ते अंगावर काढायचं नसतं, आणि माझं तर त्याच्या कितीतरी आधीपासून चाललं होतं. रक्त तपासलं, कारण हिमोग्लोबिन किंवा थायरॉईड बिघडलं तरी माणूस असंच गळून जातं. गोळीचा विषय निघाला तेव्हा मी घाबरले. तुम्ही "घे"ही म्हणाला नाहीत आणि "नको"ही नाही, तो प्रश्न डॉक्टरांचा म्हणालात. त्यांनी समजावलं की काही औषधं गरोदरपणात विचारपूर्वक देतात, आणि उपचार न केलेलं नैराश्यही बाळाला निरुपद्रवी नसतं, कारण त्याचा संबंध वेळेआधीच्या बाळंतपणाशी आणि कमी वजनाशी लागतो. माझ्या बाबतीत आधी समुपदेशनानं सुरुवात करून लक्ष ठेवायचं ठरलं.

समुपदेशन म्हणजे कुणीतरी उपदेश करणार अशी माझी समजूत होती, म्हणून पहिल्यांदा मी हाताची घडी घालून बसले. उपदेश झालाच नाही. वडिलांशी काय बोलायचं याची चक्क तालीम झाली. समुपदेशकबाई वडील व्हायच्या, मी मी. दुसऱ्यांदा तर मला हसू फुटलं, कारण त्या वडिलांसारख्या घसा खाकरायला लागल्या होत्या. घरी प्रत्यक्ष बोलणं तालमीइतकं काही जमलं नाही. पण वडिलांनी टीव्हीचा आवाज कमी केला, आमच्या घरात ही मोठीच गोष्ट.

आईलाही तुम्ही वाऱ्यावर सोडलं नाहीत. माझं गुपित तिला सांगितलं नाहीत, पण हिला एकटी सोडू नका, हिला टाकून बोलू नका आणि तुम्हीही कधीतरी जरा पडा, असं सांगितलंत. या शेवटच्या वाक्याला आई तिथेच रडली. तिलाही गेल्या कित्येक महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं.

बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत मला उगाचच रडू यायचं आणि आजार परत आला म्हणून मी हादरले. तुम्ही फोनवर म्हणालात की हे पुष्कळ जणींना होतं आणि बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. नाही ओसरलं, किंवा स्वतःला वा बाळाला काही करावंसं वाटलं, तर रात्र असो की दिवस, थांबायचं नाही, निघून यायचं. माझं ओसरलं. तरी तुम्ही तो दहा प्रश्नांचा कागद पुन्हा भरून घेतलात. या वेळी खाडाखोड नव्हती.

मुलगी आता शाळेत जाते. मीही राहिलेलं शिक्षण पुरं केलं, रखडत का होईना. मध्ये एकदा मन पुन्हा तसंच व्हायला लागलं होतं, झोप उडाली, कुणाशी बोलावंसं वाटेना. तेव्हा कुणी हाताला धरून न्यायची वाट पाहिली नाही, आपली आपण जाऊन नंबर लावला. तिथल्या बाईंनी विचारलं, याआधी कधी उपचार घेतले होते का. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगत बसले, त्यांना बिचाऱ्यांना फक्त हो किंवा नाही हवं होतं.

सिस्टर, तुमचे मनापासून आभार.

आपली नम्र,
तुमची एक पेशंट