हजेरीपुस्तक पाहून पेढे मोजू नयेत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की कार्यालयांमध्ये पेढ्यांचे दिवस सुरू होतात. कुणाच्या मुलीला चांगले गुण पडलेले असतात, कुणाच्या पुतण्याला हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असतो, कुणाच्या पदोन्नतीचा आदेश निघालेला असतो, तर कुणी नवी गाडी घेतलेली असते. घरातला आनंद ज्यांच्याबरोबर दिवसाचे आठ तास काढतो त्यांच्यात वाटावा, ही आपली रीत मला मनापासून प्रिय आहे आणि ती बंद व्हावी असे मी कधीही म्हणणार नाही. मात्र गेली २२ वर्षे शासकीय कार्यालयात लिपिक म्हणून काम करताना या रीतीतली एक गोष्ट मला सतत खटकत आली, आणि ती माझ्याच हातून घडली म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पेढे आणायचे ठरले की आपण आधी डोकी मोजतो आणि ती मोजताना नकळत हजेरीपुस्तक डोळ्यांसमोर आणतो. आमच्या कार्यालयाच्या हजेरीपुस्तकात ३८ नावे आहेत. एक पेढा साधारण २५ ग्रॅमचा धरला तर किलोत चाळीस बसतात, म्हणजे एक किलो आणला की हिशेब जुळला आणि वर दोन उरले, असे वाटते. पण कार्यालय चालते ते ४६ माणसांवर. सफाईच्या दोन मावशी, फाटकावर पाळीपाळीने बसणारे तीन सुरक्षारक्षक, डेटा एंट्री करणारी दोन मुले आणि भाड्याच्या गाडीचा चालक, या आठ जणांची हजेरी ठेकेदाराच्या कागदावर लागते. आमच्या पुस्तकात त्यांची नावे नसतात, आणि म्हणून आमच्या खोक्यात त्यांचे पेढेही नसतात. यात कुणाचा दुष्टावा नसतो हे मी मान्य करते. पण ज्याला पेढा मिळत नाही त्याला कारणाने फरक पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी मुलगी दहावी झाली तेव्हा मी किलोभर कंदी पेढे आणले. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला, हाताला कोरडा लागणारा हा पेढा आम्हा सातारकरांना परक्या मिठाईपेक्षा जवळचा वाटतो. त्या दिवशी एक तातडीचे विवरणपत्र दुपारपर्यंत वर पाठवायचे होते, म्हणून खोका मी सफाईच्या मावशींच्या हाती दिला आणि ‘सगळ्यांना द्या’ म्हणून सांगितले. त्यांनी साहेबांच्या केबिनपासून सुरुवात करून एकेक टेबल घेतले. पहिल्या काही टेबलांवर दोन-दोन उचलले गेले असावेत, कारण आवक-जावकच्या टेबलापाशी खोका संपला. संध्याकाळी मी निघाले तेव्हा मावशींनी तो खोका चारही बाजूंनी उकलून सपाट केला होता, आतला तुपकट कागद काढून कचऱ्यात टाकला होता आणि पुठ्ठा रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवला होता. मी विचारले, “मावशी, तुम्ही घेतला ना?” त्या म्हणाल्या, “पोचले मॅडम सगळ्यांना.” माझ्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, हे मला बसमध्ये बसल्यावर उमगले.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, भलत्याच विषयावर बोलताना, मावशींच्या मुलाला आयटीआयमध्ये फिटरच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याचे मला कळले. इतकी चांगली बातमी त्यांनी आम्हाला सांगितली कशी नाही, असे विचारल्यावर त्या संकोचाने म्हणाल्या, “सांगितलं की पेढे मागतात सगळे.” किलोभर पेढ्यांना त्यांच्या दिवसभराच्या मजुरीहून अधिक पैसे पडतात. आपला आनंद लपवून ठेवण्याची पाळी एखाद्यावर आपल्या बोलण्यामुळे येते, हे मला खोका संपण्यापेक्षाही अधिक लागले. ‘पेढे कुठे आहेत?’, ‘पार्टी कधी?’ हे आपण प्रेमाने विचारतो खरे, पण तेच वाक्य नोकरीला लागून दोन महिने झालेल्या, खोलीचे भाडे भरून गावी पैसे पाठवणाऱ्या मुलाच्या कानाला मागणीसारखे ऐकू येते, आणि चारचौघांत विचारल्यावर त्याला नाही म्हणता येत नाही. वाढदिवसाच्या केकसाठी किंवा निरोप समारंभासाठी वर्गणी काढताना नावापुढे रक्कम लिहून यादी फिरवण्याची पद्धतही अशीच जाचक आहे. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे पाकिटात टाकावे आणि ते पाकीट कुणी उघडून मोजत बसू नये, इतके तरी आपण नक्कीच करू शकतो.

आश्चर्य याचे वाटते की हीच कार्यालये प्रसाद वाटताना मुळीच चुकत नाहीत. आमच्याकडे कुणी तिरुपतीहून आले की एक लाडू आणतात. तो एकच लाडू फोडून त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे केले जातात आणि ते ४६ जणांना पुरतात, शिवाय त्या वेळी कामासाठी आलेल्या अभ्यागताच्या हातावरही एक कण पडतो. पंढरपूरचे चुरमुरे आणि बत्तासे असोत की जेजुरीचे भंडारा लावलेले खोबरे, वाटणारा माणूस स्वतः उठतो, चप्पल काढून प्रत्येकापाशी जातो आणि ‘राहिले कुणी?’ म्हणून विचारतो. तेव्हा कुणी दोन उचलत नाही आणि हजेरीपुस्तकही कुणाला आठवत नाही. म्हणजे सर्वांना पुरवून वाटण्याची शिस्त आपल्या अंगी आहेच. ती पेढ्याच्या खोक्यापर्यंत पोहोचलेली नाही इतकेच. माणशी अर्धा पेढा आला तरी चालेल. सातव्या टेबलावर दोन आणि फाटकावर शून्य, हे चालू नये.

ज्याने आणले त्याने स्वतः वाटावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. शिपाई किंवा मावशींच्या हाती खोका दिला की त्यांचे त्या दिवशीचे एक काम वाढते, आणि वाटणाऱ्याने आपल्यासाठी आधी काढून ठेवावे हे त्यांच्या रीतीत बसत नाही. शासकीय कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा आमची वेळ पावणेदहा ते सव्वासहा ठरली आणि शिपायांची साडेनऊ ते साडेसहा. आमच्या आधी येऊन आमच्यानंतर जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला खोक्यातला चुरा यावा, हे मनाला पटत नाही.

आग्रहाबद्दलही थोडे लिहिणे आवश्यक वाटते. पंगतीतला आग्रह कार्यालयात आणू नये. ज्यांना मधुमेह आहे त्यांना ‘एकाने काय होतंय’ म्हणून तोंडापाशी पेढा नेणे, संकष्टी किंवा श्रावणी सोमवार धरणाऱ्याला, रोजा असणाऱ्या सहकाऱ्याला वा पर्युषणात उपवास करणाऱ्याला चारदा विचारणे, यात आपुलकी असली तरी समोरच्याला आपली प्रकृती किंवा आपले व्रत सर्वांदेखत सांगावे लागते. एकदा विचारावे, नको म्हटल्यास ‘घरी न्या’ म्हणून कागदात बांधून द्यावे. केक आणल्यास त्यात अंडे आहे की नाही हे न विचारता सांगावे. सुट्या मिठाईवर ती कधीपर्यंत वापरावी याची तारीख दुकानात लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले आहे. ती तारीख विचारून खोक्यावर लिहून घ्यावी, कारण शुक्रवारी दुपारी उरलेले खव्याचे पदार्थ सोमवारी सकाळी कपाटातून निघालेले मी अनेकदा पाहिले आहेत. तसेच वडे, भजी किंवा चिवडा वर्तमानपत्राच्या कागदावर वाढू नये. आपल्या दैनिकाची मी रोजची वाचक आहे, तरीही छपाईची शाई पोटात जाणे घातक असते, म्हणून हे आवर्जून लिहिते.

(काम झाल्यावर अभ्यागताने आणून ठेवलेला खोका हा सर्वस्वी वेगळा विषय आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये भेटवस्तूंबाबत तरतूद आहे, आणि असा खोका नम्रपणे परत करणेच योग्य, असे मी मानते.)

याविषयी परिपत्रक निघावे अशी माझी अपेक्षा नाही. पेढे वाटायला परिपत्रक लागू नये. यंदा मुलीच्या बारावीच्या निकालानंतर मी सव्वा किलो पेढे नेले, खोका घेऊन आधी फाटकावर गेले आणि तिथून आत येत शेवटी साहेबांच्या केबिनमध्ये पोहोचले. ४६ जणांना एकेक देऊन तीन-चार उरले. रात्रपाळीचे सुरक्षारक्षक आठ वाजता येतात, तेव्हा आम्ही कुणीच कार्यालयात नसतो. त्यांचा पेढा दिवसपाळीच्या सहकाऱ्याकडे कागदात बांधून द्यावा लागतो, हे मला इतक्या वर्षांत प्रथमच कळले.

आपली विश्वासू,
एक शासकीय कर्मचारी, सातारा